लोकवर्गणीचे साठ हजार आणि द्विशिक्षकी शाळा: भिंतीवर टीव्ही, की आणखी काही?

वाडीवरची_शाळा
नमस्कार मंडळी. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन, खोल्या दोन, वर पत्रा. गावाने लोकवर्गणीतून ६० हजार जमवले आहेत आणि ग्रामस्थांचं म्हणणं एकच: शाळा 'डिजिटल' करा. म्हणजे भिंतीवर मोठा टीव्ही लावा. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. वीज आहे, पण दुपारी तिचा भरवसा नाही. नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, तोही व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात.

एवढ्या पैशात काय घ्यावं, जे तीन वर्षांनंतरही वापरात असेल? यंत्रच हवं असं नाही. वेगळ्या पद्धती, त्यांचं साहित्य, सगळं चालेल. फक्त जाहिरातीतलं नको, एका खोलीत दोन इयत्ता बसवून चालेल असं सांगा.

खडूफळा
रुमाल टाकतोय, जागा धरून.

पंतोजी_दुसरे
टीव्ही घ्या हो. देणगीदाराला भिंतीवर काहीतरी दिसायला लागतं. गणिताचे मणी दाखवून पुढच्या वर्षी वर्गणी मागून बघा, मग कळेल.

विजेचा_खांब
टीव्ही घ्या नाहीतर रॉकेट घ्या, आधी वायरिंग. बहुतेक शाळांत यंत्र बंद पडतं ते यंत्रामुळे नाही, विजेमुळे.

अर्थिंग तपासून घ्या. ओळख सोपी आहे: तीन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हाताला झिणझिण्या आल्या, तर बहुधा अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून तात्पुरतं भागतं, पण जुनी पट्टी गंजली असेल तर नवीनच करून घ्या.

बॅटरीचं गणित असं. १५० एएचची (ॲम्पिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरचा तोटा वजा करा, उरले साधारण ७५०. ४३ इंची टीव्ही ८० वॉट, लॅपटॉप ४०, स्पीकर १०, म्हणजे १३०. साडेपाच तास झाले. शाळेचा दिवस निघतो. पण त्याच लाइनवर कुणी दोन पंखे टाकले की निम्मंच. आणि पोषण आहाराच्या खोलीतला मिक्सर त्या लाइनवर चुकूनही येऊ देऊ नका.

इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून वीस-बावीस हजार धरा. म्हणजे साठातले गेले. टीव्ही त्यानंतर.

गणिताची_गोडी
विजेचा_खांब यांच्याशी सहमत, पण प्रश्न उलट्या बाजूने बघा. टीव्हीवरून माहिती मुलांकडे जाते. ३१ मुलांपैकी कोणाला काय कळलं, हे शिक्षकाकडे परत येत नाही. पैसे त्या परतीच्या वाटेवर घाला, म्हणजे प्लिकर्स ॲप.

माहीत नसणाऱ्यांसाठी: प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड असतं, त्यावर काळी चौकोनी आकृती. आकृतीच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर ते फोनवर उमटतं. मुलांना फोन लागत नाही. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच धरलं तरी उत्तर तेच निघेल असं नाही. ४० कार्डांचा संच त्यांच्या साइटवरून फुकट छापता येतो. कार्ड क्रमांक = हजेरी क्रमांक ठेवा. फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत, पण रोजच्या दोन-तीन प्रश्नांना पुरते.

बिघडतं कुठे?
कार्ड लॅमिनेट केलं की चकाकी येते आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. साध्या कागदावर छापा, वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवा.
कापताना काळ्या आकृतीभोवतीची पांढरी कड ठेवा. कड गेली आणि मागे निळा गणवेश आला की ओळख पटत नाही.
लहान मुलं कार्ड दोन्ही हातांनी मधोमध पकडतात, बोटं काळ्या भागावर येतात. खालच्या कोपऱ्यांना धरायची सवय पहिल्या आठवड्यात लावा.
मुलांच्या पाठीमागे उघडं दार-खिडकी असेल तर कार्डं काळी पडतात. तोंड उजेडाकडे करून बसवा.
अक्षरं मुद्दाम बारीक छापलेली असतात, समोरच्याला दिसू नयेत म्हणून. पहिली-दुसरीसाठी मागच्या बाजूला चार रंगांचे ठिपके काढा.

प्रश्न चांगला हवा, नाहीतर सगळं फुकट. ५२ − २७ विचारायचं असेल तर पर्याय २५, ३५, ७९ असे द्या. ३५ म्हणणाऱ्याने सातातून दोन वजा केले, ७९ म्हणणाऱ्याने बेरीज केली.

सरळरेषा
गणिताची_गोडी, पद्धत बरोबर, उदाहरण तेवढं बदला. ५२ − २७ मध्ये ३५ दोन वाटांनी येतं. एक, तुम्ही म्हणता ती: मोठ्यातून लहान, ७ − २ = ५ आणि ५ − २ = ३. दुसरी: दशक सुटा केला, १२ − ७ = ५ बरोबर काढलं, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायचं राहिलं, म्हणून ५ − २ = ३. पहिल्या मुलाला हातच्याची वजाबाकी कळलेलीच नाही. दुसऱ्याला कळली आहे, एक पायरी सुटली आहे. दोघांना एकच उपाय चालणार नाही, आणि तुमचा फोन दोघांनाही 'बी' दाखवणार.

५३ − २७ घ्या. बरोबर उत्तर २६. मोठ्यातून लहान करणारा ३४ म्हणेल, दशक कमी करायला विसरणारा ३६, बेरीज करणारा ८०. चार पर्याय, चार निदानं.

एककांच्या अंकांत ५ चा फरक असला की हा घोळ होतोच (६ आणि १, ७ आणि २, ८ आणि ३). निदानाच्या प्रश्नात असे आकडे टाळा.

खडूफळा
रुमाल टाकला होता, आता पसरून बसतो. वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

गणिताची_गोडी
५३ − २७ जास्त नेमकं आहे. दोन चुका एकाच आकड्यावर येतात का, हे प्रश्न लिहितानाच तपासायला हवं. गुणाकारातही तेच: २३ × ४ मध्ये हातचा सोडणारा ८२ म्हणतो आणि आडवं लिहिणारा ८१२. ते दोन्ही पर्यायांत हवेत.

नदीकाठ
एवढ्यासाठी फोन कशाला? पाटी आहे की. प्रत्येकाने लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची, "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम फिरवायची. तीन आज्ञा: लिहा, उलटी, दाखवा. मधली वगळली की हुशार मुलाची पाटी बघून रांगच्या रांग खोडते. ३१ पाट्या शिक्षक दहा-बारा सेकंदांत वाचतो. आणि पाटीवर पर्याय नसतात, त्यामुळे तुम्ही कल्पनाही केली नसेल अशी चूक दिसते. एखादं पोर भलताच आकडा लिहून दाखवतं, मग कळतं की त्याला उभी मांडणीच कळलेली नाही.

नेट नको, चार्जिंग नको, पासवर्ड नको.

गणिताची_गोडी
पाटीला विरोध नाही. पण पाटी पुसली जाते. महिन्यापूर्वी कोण कुठे अडलं होतं, ते दुसऱ्या शिक्षकाला किंवा पालकसभेत दाखवता येत नाही. नवीन घटक शिकवताना पाटी, आठवड्याच्या शेवटी उजळणीला प्लिकर्स, असं वाटून घ्या. दोन्हींत पुढची पायरी एकच: एक तृतीयांशाहून जास्त वर्ग चुकला तर तेच पुन्हा मोठ्याने सांगू नका, साधन बदला. दोन-चारच चुकले तर जोड्या लावा आणि पुढे चला.

पंतोजी_दुसरे
म्हणजे साठ हजारांच्या पाट्या घ्यायच्या? शाळेचा पट पाच हजार करावा लागेल. :)

तांबडी_माती
साधन बदला म्हणताय तर गणितमाळ आलीच पाहिजे. १०० मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, असे आळीपाळीने. वर्गासाठीची माळ मोठ्या मण्यांची करा, दोन खिळ्यांमध्ये मुलांच्या खांद्याच्या उंचीवर ताणून बांधा, आणि दोरीत वीतभर जागा मोकळी सोडा. ती सोडली नाही तर मणी सरकवून फट करता येत नाही, आणि सगळी गंमत फटीतच आहे. खुणेला कपड्याचा चिमटा.

चिमटा मण्यावर नाही, मण्याच्या पुढच्या फटीत लावायचा. २७ म्हणजे सत्ताविसावा मणी नव्हे, सुरुवातीपासूनचे सत्तावीस मणी. चिमटा मण्यावर लावायची सवय लागली की पुढे प्रत्येक उडी एकाने चुकते आणि कारण सापडत नाही.

५३ − २७ माळेवर: ५३ वरून मागे दहा-दहाच्या दोन उड्या, ३३. मग ३ मागे, ३० (रंग बदलतो, मुलाला तिथेच थांबता येतं). राहिले ४, २६. हातचा नावाचं प्रकरण येतच नाही. हे पक्कं झाल्यावर दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, आणि शेवटी उभी मांडणी. उलट क्रमाने गेलं की माळ शोभेची होते.

घरी केली तर अगदी स्वस्तात होते. नायलॉनचीच दोरी घ्या, सुती दोरी मण्यांना धरून ठेवते.

जोडाक्षर
५३ बोलताना मूल 'त्रेपन्न' ऐकतं, म्हणजे तीन आधी. आणि लिहितं ३५. माळेने हे सुटतं का? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता.

नदीकाठ
तो बदल मुळात चुकीचाच होता. बाजारात 'पन्नास तीन' कोण म्हणतं?

सरळरेषा
चुकीचा कसा? जुनी नावं काढून टाकली नव्हती, दोन्ही दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचा मुद्दा साधा होता: मराठीत एकवीस ते नव्याण्णव ही नावं जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात, आणि एकक आधी बोलला जातो. शेजारच्या कानडी-तेलुगूत दशक आधी येतो. एकोणपन्नासची तर आणखी गंमत, चाळिशीतला आकडा पन्नासचं नाव घेऊन येतो. पहिली पिढी शिकणाऱ्या मुलाला हे जड जातं.

जोडाक्षर
वाद बाजूला ठेवू, वर्गात काय करायचं ते सांगा.

तांबडी_माती
पुठ्ठ्याची कार्डं. १० ते ९० दशकांची लांब, १ ते ९ एककांची निम्म्या रुंदीची. ५० च्या कार्डावर ३ चं कार्ड उजवीकडे बसवलं की ५३ दिसतं, उचललं की खाली शून्य. मुलाने कार्डं लावताना 'पन्नास आणि तीन' म्हणायचं, लावून झाल्यावर 'त्रेपन्न'. दोन्ही नावं एकाच कृतीत येतात, गदारोळ नाही.

वाडीवरची_शाळा
खूपच कामाचं मिळतंय. वाचनाचं काय? तिसरी-चौथीत काही मुलं अजून अक्षरावर आहेत. त्यांच्यासाठी टीव्हीवरच्या कवितांचा उपयोग होईल का?

खडूफळा
अक्षरावरच्या मुलाला टीव्हीवरची कविता पाठ होते, वाचता येत नाही. दोन्ही वेगळं.

तुमच्या शाळेला दोन शिक्षक असणं इथे फायद्याचं आहे. 'प्रथम' या संस्थेची स्तरानुसार अध्यापनाची पद्धत: दिवसातला एक तास इयत्ता विसरायची आणि वाचनपातळीप्रमाणे गट करायचे. चाचणी त्यांच्या 'असर' सर्वेक्षणासारखीच: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून, तीन-चार मिनिटं. ३१ मुलं म्हणजे दोन तासांचं काम, दोन दिवसांत उरकतं. मग एका शिक्षकाकडे प्रारंभिक (अक्षरही न येणारा) आणि अक्षर गट, दुसऱ्याकडे शब्दापासून पुढचे. खालच्या गटाला बाराखडीचा तक्ता, जमिनीवर अक्षरांच्या उड्या, ओळीखाली बोट ठेवून एकत्र वाचन, आणि त्याच गोष्टीतल्या शब्दांचं लेखन. हे चारही रोज, थोडं थोडं.

दोन गोष्टींनी बिघडतं. गट कायमचे होतात आणि 'ढ'चा गट म्हणून ओळखले जातात. दर चार-सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घेऊन मुलं हलवा, गटांना नद्यांची नावं द्या. दुसरं, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे अधिकारी) आले की सगळे आपापल्या इयत्तेत पळतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

शनिवारची_शाळा
परदेशातल्या मराठी शाळांत आम्ही वाचनासाठी स्टोरीवीव्हर ही साइट वापरतो. प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून. मुक्त परवान्याची पुस्तकं, मराठीत भरपूर, वाचनपातळ्या १ ते ४. उतरवून छापायला परवानगी लागत नाही. पुस्तिका करायची तर पानं ४ च्या पटीत आणा, नाहीतर मधेच कोरं पान येतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद रंगांची चित्रं चिखल होतात. रेषाचित्रांची निवडा.

मांडवीपार
गोव्यात आता शाळांत कोडिंग-रोबोटिक्स आणणारी 'केअर्स' योजना आहे, त्यामुळे आमच्याकडे प्राथमिकवालेही विचारतात. प्राथमिकला यंत्राशिवाय कोडिंग छान होतं: जमिनीवर ६ × ६ ची चौकट, बाणांची कार्डं (पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ), एक मूल 'यंत्र'. बाकीच्यांनी कार्डांची रांग लावून त्याला खजिन्यापर्यंत न्यायचं. नियम एकच: यंत्राने स्वतःचं डोकं वापरायचं नाही. 'डावीकडे वळ' म्हणजे जागेवर वळणं, घर बदलणं नव्हे, हे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

आणि कोकण-गोव्यातल्यांना: पावसाळ्यात यूएसबी आणि एचडीएमआयची टोकं गंजतात. न वापरता झाकून ठेवलेलं यंत्र जास्त लवकर बिघडतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालू करा, त्याच्या उष्णतेने दमट हवा निघते.

नदीकाठ
जमिनीवरच्या चौकटीवरून आठवलं, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या) ज्ञानरचनावादी वर्गांचा राज्यभर गाजावाजा झाला, २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी तर बसने शिक्षक बघायला जायचे. नंतर अनेक शाळांनी काय उचललं? फरशीवरचा ऑइलपेंट. मूळ काम मुलांनी जमिनीवर बसून स्वतः रचण्याचं होतं, लोकांनी फरशीवर बाराखडी रंगवली आणि झालं.

रंगवायचंच असेल तर रिकाम्या चौकटी रंगवा: १० × १० ची जाळी, ० ते २० ची रेघ (आकडे न लिहिता), चार-पाच वर्तुळं. आत खडूने रोज नवं. रंगवलेला मजकूर मुलांना महिन्याभराने दिसेनासा होतो, तुम्हाला कॅलेंडरवरचा देव दिसतो का रोज?

पंतोजी_दुसरे
मला दिसतो, कारण त्याच्याखाली पगाराची तारीख असते.

सोल्डरगन
विज्ञानाबद्दल कोणीच बोललं नाही. अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेली साधी मोटर चौथी-पाचवीला जरूर करा. टॉर्चचा जाडा १.५ व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, स्पीकरमधल्यासारखं काळं चुंबक, २२ ते २४ गेजची इनॅमल तार एक मीटर. तार सेलभोवती आठ-दहा वेढे गुंडाळून काढा, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ तीन-चार सेंटीमीटर बाहेर. पिना सेलच्या दोन्ही टोकांना रबराने घट्ट, वरच्या छिद्रांत तारेची टोकं, वेटोळ्याखाली सेलवर चुंबक.

दहातल्या आठ मोटरी खरवडण्यात फसतात. एक टोक पूर्ण गोल खरवडायचं. दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं फिरत नाही, झोके घेतं: अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागतं. अर्धं इनॅमल ठेवलं की त्या अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं वेगाच्या जोरावर पुढे जातं. दुसरी अडचण तोल. टोकं अगदी मध्यातून निघालेली हवीत. सुरुवातीला बोटाने हलकी चालना द्या. थांबलेली मोटर जोडून ठेवू नका, सेल तापतो. मोबाईलची बॅटरी तर मुळीच वापरायची नाही.

आधी हे, मग फेटचं सर्किटचं सिम्युलेशन (संगणकाच्या पडद्यावरचा प्रयोग). ते कोलोराडो विद्यापीठाचं, फुकट, बरंचसं मराठीत. प्रत्येक सिम्युलेशन एकेक फाइल म्हणून उतरवता येतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. पेनड्राइव्हवर घेऊन जा. तारेतून काय वाहतं ते तिथे दिसतं, टेबलावर दिसत नाही.

विजेचा_खांब
नेटशिवायचा विषय निघालाच आहे तर कोलिब्री हे सॉफ्टवेअर. एका यंत्रावर धडे, व्हिडिओ, सराव भरून ठेवायचे, बाकीची उपकरणं स्थानिक वायफायवरून ते बघतात. मांडणी मराठीत करता येते. त्यासाठी लोक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सुचवतात. मी म्हणेन, नूतनीकृत लॅपटॉप घ्या. पायला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा नीट चार्जर लागतो, फोनचा लावला की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि तो रखडतो. वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरची फाइल बिघडते आणि सगळं पुन्हा भरावं लागतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तेवढ्याने हा रोग टळतो. सामग्री तालुक्याला चांगल्या नेटवर एकदा उतरवा, पेनड्राइव्हवरून शाळेत आयात करा. सगळं भरू नका, घटक निवडून घ्या.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचंही तसंच. वर्गात उभं राहून स्कॅन करू नका. आदल्या दिवशी सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उतरवून ठेवा. कोड खराब छापला असेल तर खाली सहा अक्षरांचा संकेत असतो, तो टाइप केला तरी चालतं.

जोडाक्षर
क्यूआर म्हटल्यावर पाठ्यपुस्तकांत ते कोड आणणारे परितेवाडीचे डिसले गुरुजी आठवणारच. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटले. पण लोक बातमीतला कोड लक्षात ठेवतात. कोडमागे काय ठेवायचं, ते शिक्षकाने स्वतः निवडलेलं किंवा तयार केलेलं असायला हवं, तरच तो कोड दुसऱ्यांदा स्कॅन होतो.

सरळरेषा
पद्धती टिकत का नाहीत, यावर एक जुनं उदाहरण. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम, १९७२ मध्ये मध्य प्रदेशात १६ उच्च प्राथमिक (मिडल) शाळांत सुरू झाला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षं चालला. का चालला? प्रयोगाचं साहित्य संपलं की भरून मिळायचं, शिक्षकांच्या मासिक बैठका व्हायच्या, आणि परीक्षाही बदलली होती: पुस्तक उघडून लेखी, शिवाय प्रात्यक्षिक. वर्षभर प्रयोग आणि शेवटी घोकंपट्टीचा पेपर ठेवला तर पालकच दुसऱ्या महिन्यात विचारतात, "हे परीक्षेला आहे का?" आपल्याकडे शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिथे अर्धा तास फक्त 'या महिन्यात काय बिघडलं' याला द्या.

पंतोजी_दुसरे
शिक्षण परिषदेत काय बिघडलं हे विचारलं तर परिषद मुक्कामी होईल.

वाडीवरची_शाळा
बैठकीसाठी मांडलं ते असं: अर्थिंग-वायरिंग आणि इन्व्हर्टर-बॅटरी २५ हजार, नूतनीकृत लॅपटॉप आणि तारेचा स्पीकर १५, गणितमाळा, कार्डं, पाट्या आणि छापील पुस्तिका मिळून ५. उरले १५. त्यात ४३ इंची टीव्ही बसत नाही. ग्रामस्थ अडून बसतील.

तांबडी_माती
३२ इंची घ्या आणि भिंतीवर न लावता मुलं जवळ बसवा. दहा फुटांवरून वाचायला अक्षर साधारण इंचभर उंच हवं. म्हणजे ३२ इंची पडद्यावर एका वेळी सात-आठ ओळीच. ते बरंच आहे, जास्त लिहायचा मोहच होत नाही.

विजेचा_खांब
किंवा टीव्ही ग्रामपंचायतीकडून मागा. लोकवर्गणीच्या ठरावात बॅटरी आणि साहित्य लिहा, टीव्हीसाठी वेगळा अर्ज. देणगीच्या फलकावर नाव कोणाचं हा प्रश्नही सुटतो. स्पीकर तारेचाच घेताय ते चांगलं, ब्लूटूथवाला नेमका तपासणीच्या दिवशी कुणाच्या तरी खिशातल्या फोनला जोडला जातो. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मात्र कुठलाच स्पीकर पुरत नाही, त्या तासाला पाटी काढा.

वाडीवरची_शाळा
पंचायतीचं विचारते. दोन शेवटचे प्रश्न. मे महिन्यात बॅटरीचं काय करायचं? आणि टीव्ही मिळालाच तर कुठे लावायचा?

विजेचा_खांब
बॅटरी: सुट्टीआधी पूर्ण चार्ज करा, मग डिस्टिल्ड पाणी वरच्या खुणेपर्यंत भरा. चार्ज करायच्या आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बाहेर येतं (प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र झाकण्यापुरतं आधी घाला). इन्व्हर्टरचं आउटपुट बंद, मेन चालू. महिन्यातून एकदा कोणीतरी पाणी बघायला हवं. वळवाच्या विजांची भीती असेल तर बॅटरीची तार सोडून ठेवा आणि दर महिन्याला एक दिवस चार्ज करा. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच सोडली तर जूनमध्ये तिच्यात पाच तासांऐवजी एकच तास निघेल.

टीव्ही: मुलं जमिनीवर बसतात, त्यामुळे पडद्याची खालची कड साडेतीन फुटांवर पुरे. गावकऱ्यांना छताशी लावायचा असतो, पहिलीच्या माना दुखतात. खिडकीच्या समोरची भिंत नको, पडद्यात खिडकीच दिसते. ओल धरणारी भिंत असेल तर मागे प्लायवुड, आणि प्लाय व भिंत यांच्यात इंचभर हवा. आणि साठा नोंदवहीत टीव्हीबरोबर रिमोटचीही वेगळी नोंद करा.